मुक्ताबाईंच्या हॉलमधला ड्राइव्ह

पाळणाघराच्या मावशींचा मेसेज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आला. ‘ओवीला काल दोन शिंका आल्या. आज आणू नये.’ दोन. मोजून ठेवल्या होत्या.

ओवी, माझी आठ महिन्यांची मुलगी, तेव्हा माझ्या मांडीवर बसून ऑसिलोस्कोपचा पट्टा चोखत होती. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र. आमचा स्कोप बॅटरीवर चालतो, जेवणाच्या डब्याएवढा आहे आणि पिवळ्या रबरी कव्हरात असतो. आदल्या संध्याकाळी मी तो ऑफिसातल्या ऋषीच्या हातातून जवळजवळ हिसकावून आणला होता. बाळंतपणाची रजा संपून तीन आठवडे झाले होते, आणि तीन आठवडे मी धायरीच्या आमच्या ऑफिसात बसून कोटेशनं टाइप करत होते. साइटवर ऋषी. स्कोप ऋषीकडे. माझ्या साइटवर न्यायच्या जुन्या बॅगेतही ऋषीचेच मोजे.

शेवटी मी अनिरुद्ध सरांसमोर उभी राहिले. “सर, मला साइट द्या.”

सरांनी मान वर केली नाही. “मांजरीची घे. पिठाची गिरणी. सोळा महिन्यांत तीन मोटरी जळाल्यात. ऋषी दोनदा जाऊन आला, वेव्हफॉर्म ओके म्हणून लिहून आला. ओके असतं तर मोटर जळली नसती, एवढं आम्हालाही कळतं. तुला कारण सापडलं तर स्कोप तुझ्याकडे. पाचपर्यंत रिपोर्ट नाही आला, तर सोमवारपासून कोटेशन कायमचं तू बघ. बाळालाही बरं ते.”

बाळालाही बरं. बाळाला कोणी विचारलं नव्हतं.

माझा नवरा अभय कामासाठी हैदराबादला गेलेला. फोनवर म्हणाला, “सुट्टी टाक ना.” मी फोन ठेवला आणि ओवीला टोपरं घातलं. सरांना काही कळवलं नाही. कॅबमध्ये दोन बॅगा घेऊन बसले, आणि हडपसरच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं की स्कोपच्या बॅगेत डायपर आहेत आणि डायपरच्या बॅगेत दोन हजार व्होल्टचा प्रोब, म्हणजे स्कोपची मोजायची वायर.

मांजरीत आता उसाच्या शेजारी बावीस मजली टॉवर उभे आहेत. टॉवरमधल्या बायका गाड्यांमधून येऊन मल्टिग्रेन दळून नेतात, म्हणून आमच्या ग्राहक मुक्ताबाईंची गिरणी जोरात चालते. गिरणीच्या मोटरीला दीड वर्षापूर्वी आम्ही ड्राइव्ह बसवला. ड्राइव्ह म्हणजे मोटर हवी तितकी हळू किंवा जलद फिरवणारी पेटी. गव्हाला वेग जास्त, नाचणीला कमी, पीठ तापत नाही.

मी गिरणीच्या दारात उतरले तर एक गृहस्थ बाहेर आले. पांढरी टोपी, भुवयांवरही पीठ. मुक्ताबाईंचे यजमान, सोनबा. गिरणी तेच चालवतात.

“म्याडम, ड्राइव्ह हितं न्हाई. घरात हाय.”

“घरात?”

त्यांनी हात लांब केला. परसाच्या पलीकडे घर होतं. गिरणीतून एक जाड केबल निघून पेरूच्या झाडाला वळसा घालून, गोठ्याच्या कडेने, थेट घराच्या खिडकीत शिरत होती.

हॉलमध्ये टीव्ही आणि शोकेस यांच्या मधोमध भिंतीवर आमचा ड्राइव्ह. वर क्रोशाचा रुमाल, कपाळाला म्हणजे कंपनीच्या नावाच्या जरा वर हळदकुंकू. खाली सोफा, अगदी समोर. डिस्प्लेवरचे लाल आकडे सोफ्यावर बसून वाचता येतील असे.

मुक्ताबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. साठीच्या, काटक. माझ्याकडे बघायच्या आधी ओवीकडे बघितलं.

“ह्या येळेला लेकरू पाठवलं होय कंपनीनं?”

“मावशी, इंजिनिअर मी आहे. ही माझी मुलगी. नाइलाज झाला म्हणून आणलं.”

“मग बरं झालं. मागचा पोरगा दोनदा आला, चहा प्याला, फोटो काढला, गेला. ह्या खेपेला एकीला तरी कायतरी कळंल.” आणि ओवी त्यांच्या कडेवर गेलीसुद्धा. 

“ड्राइव्ह घरात का बसवून घेतलात?”

“पीठ उडतं तिकडं,” त्या म्हणाल्या. “एवढी महागाची वस्तू. पीठ गेलं आत म्हंजी?”

यात चूक काही नव्हती. पीठ खरंच वाईट. मी स्कोप काढला आणि ऋषीने जिथे मोजलं होतं तिथेच, ड्राइव्हच्या तोंडाशी, प्रोब लावला. सोनबाकाकांनी तिकडे दगड उचलून गिरणी मोकळी ठेवली, मुक्ताबाईंनी हिरवं बटण दाबलं. पेटीतला पंखा घूंऽऽ करून सुरू झाला.

पडद्यावर लहर आली. ड्राइव्हची लहर म्हणजे लाटेसारखी गोल नसते. चौकोनी ठोके असतात, कंगव्याच्या दातांसारखे उभे, कुठे जाड, कुठे बारीक. सेकंदाला हजारो. मोटर बिचारी त्यातूनच आपली लाट समजून घेते. साधा मीटर मात्र गोंधळतो. जळालेल्या मोटरीत नव्या तारा भरून देणारा दशरथ वाइंडर आपल्या मीटरवर कधी पाचशे, कधी सहाशे व्होल्ट वाचून ‘ड्राइव्ह जादा करंट फेकतो’ असं गावभर सांगत होता, ते त्यामुळेच. स्कोपवर सगळे ठोके पाचशे सत्तरला सरळ कापलेले, कडा स्वच्छ, एकसारखे. इतकी देखणी लहर की कंपनीच्या कॅलेंडरवर छापावी.

ओके. ऋषी खोटं बोलला नव्हता.

इथे पुढे काय करायचं ते ऋषीला नव्हतं कळलं, आणि आठ महिन्यांत मी काय केलं होतं? भाताची पेज पातळ कशी करायची ते शिकले होते. सोफ्यावर बसले. मुक्ताबाईंनी चहा ठेवला. ओवी त्यांच्या मांडीवरून ड्राइव्हच्या आकड्यांकडे टक लावून बघत होती. मी नुसतीच खिडकीकडे बघत बसले. खिडकीतून केबल बाहेर जात होती. पेरूला वळसा. गोठा.

“मावशी, ही केबल किती लांब आहे?”

“पासष्ट मीटर,” दारातून सोनबाकाका म्हणाले. पाठ होतं त्यांना. वाहून त्यांनीच आणली असणार.

मी चहा तसाच ठेवून उठले. “मोटरीपाशी मोजायचंय.”

मुक्ताबाईंचा चेहरा बदलला. “तिकडं कशाला? तो पोरगा तर हितंच मोजून गेला.”

“म्हणूनच.”

“लेकराला पीठ लागंल. शिंका येतील.”

“ओवी इथेच राहील, तुमच्याजवळ. तुम्ही बटण दाबायचं, मी तिकडे बघणार. काकांच्या फोनवरून सांगते.”

त्यांना नाही म्हणता आलं नाही, कारण ओवीने तेवढ्यात त्यांच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली होती आणि ती सोडवायची होती.

गिरणीत मी आधी सोनबाकाकांकडून सगळं झाडून घेतलं, दारं उघडी टाकली. ड्राइव्ह बंद आहे याची खात्री करून मोटरीचा डबा उघडला, क्लिपा लावल्या, सगळं नीट बांधलं, लांब झाले. काकांनी फोन लावला.

“चालू करा, मावशी.”

मोटर सुरू झाली. मग बंद करायला लावली, एक क्लिप बदलली, पुन्हा चालू. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा चालू केल्यावर मी पडदा जवळ ओढला आणि एकटीच “अगं आई!” म्हणाले.

तेच ठोके. पण प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला एक टोकदार सुळका, पार वर. अकराशे चाळीस. अकराशे साठ. हॉलमधून पाचशे सत्तर निघत होते आणि इथे येईपर्यंत दुप्पट होत होते, सेकंदाला हजारो वेळा, मोटरीच्या तारांवरच्या पातळ लेपावर हातोडीसारखे.

“काय हाय?” सोनबाकाका टाचा उंचावून बघत होते.

“काका, पाटाला पाणी सोडलंय आणि पुढे फळी घातलीय. पाट लांब असला, पाणी एकदम सोडलं, तर फळीपाशी काय होतं?”

“आपटून उसळतं. फळीवरनं जातं कदी कदी.”

“तसंच. केबल म्हणजे पाट, मोटर म्हणजे फळी. पाट दोन-तीन मीटरचा असता तर उसळलं नसतं.”

त्यांनी पडद्यावरच्या सुळक्याकडे बोट दाखवलं. “म्हंजी मोटर दशरथनं खराब भरली न्हाई. आन् मी पन न्हाई जाळली.”

“नाही.”

“हे तेवडं तिला सांगा,” ते म्हणाले. आवाज जरा बसला होता. “सोळा म्हैने झालं, ऐकतोय.”

मी लहर साठवून घेतली, फोटो काढले आणि फोन लावला. “मावशी, झालं माझं. बंद करा.”

“हळू बोल,” पलीकडून कुजबुज. “झोपलंय लेकरू.”

“हो का? बरं. बंद करा.”

“बंद केलं की आतला पंखा थांबतोय. पंखा थांबला की उठतंय. दोनदा बगितलं मी. सर्दीचं लेकरू हाय, झोपू दे घटकाभर.”

“मावशी, इथे क्लिपा लावल्यात, हजार व्होल्ट—”

फोन कट. परत लावला तर उचलेना.

चालू मोटरीवरच्या क्लिपा मला काढता येईनात. उघड्या डब्यात त्या तशाच सोडून जाताही येईना. शेजारचा स्विच पाडला असता तर ड्राइव्ह बिघडण्याची भीती. मी सोनबाकाकांना म्हटलं, “तुम्ही जाऊन बंद करा ना.”

“मी?” ते म्हणाले. “झोपलेल्या लेकराशेजारी ती बसलीय, तितं जाऊन मी बटण दाबू? म्याडम, तुमी नवीन हाय.”

मग आम्ही दोघं दोन उलट्या डब्यांवर बसलो. मोटर मोकळीच गरगरत होती. मला काय, मोटर किती तापते त्याची नोंद तरी होत होती. 

दहा-बारा मिनिटांनी सोनबाकाकांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“पीठ-बीठ काय न्हाई,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“ड्राइव्ह घरात का हाय? पीठ न्हाई. मी हाय. पैल्यांदा हितंच बसवायचा ठरला हुता. मग तुमच्या माणसानं तिला दाखवलं, हा आकडा म्हंजी गिरणी किती जोरात फिरती ते. झालं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, घरात लावा. आता ती भाकरी थापता थापता मान वळवून बघती. आकडा हाय म्हंजी मी दळतोय. आकडा शून्य म्हंजी मी पारावर.”

मला हसू आवरेना. तेही हसले, पण बेताने.

“मग मी एक केलं. दगड उचलायचा, गिरणी मोकळी फिरत ठिवायची आन् बजरंगच्या दुकानात पेपर वाचत बसायचं. आकडा तर दिसतोयच! तीन आठवडं लई चांगलं गेलं.” त्यांनी उसासा टाकला. “मग एक दिवस पुसताना तिच्या हातनं बाजूचं बटण दाबलं गेलं. तितं अँपिअर दिसतंय. दळण असलं की अँपिअर चढतंय, मोकळी असली की उतरतंय. आता ती अँपिअरच लावून ठिवती. सातवी शिकलीय फकस्त. मी दहावी हाय.”

“काका!”

“माझ्याकडनं कळलं म्हणून सांगू नका तेवडं.”

मी शब्द दिला. आणि तेव्हाच, पाऊण वाजता, मोटर घरघरत मंदावली आणि थांबली. गुरुवार होता, दुरुस्तीसाठी वीज घालवायचा वार. वीज गेली होती.

एक क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग पासष्ट मीटर लांबून ओवीचं रडणं आलं.

मी उठले आणि हात क्लिपांकडे नेला. तिथेच थांबवला. वीज गेली तरी ड्राइव्हच्या पोटात साठलेली असते. पाच मिनिटं थांबायचं, मग मोजायचं, मग हात लावायचा. आमच्याकडे नियम आहे, आणि नव्या मुलांना तो शिकवताना मी फार कडक असायचे. घड्याळ बघितलं. बारा सेहेचाळीस.

ओवीचं रडणं मला पायऱ्यांसारखं पाठ आहे. आधी तक्रार, मग हाक, मग राग. दुसऱ्या मिनिटाला हाक सुरू झाली. माझं दूध उतरलं. ते काही नियम बघून येत नाही. कुर्त्यावर दोन ओले डाग पसरत गेले, मी ओढणी पुढे घेतली, आणि सोनबाकाका एकदम गिरणीच्या दगडाची फार बारकाईने तपासणी करू लागले.

“जा तुमी, म्याडम,” ते दगडाला म्हणाले. “मी बगतो हितं.”

“तुम्ही हात लावाल.”

“न्हाई लावत.”

“काका, तुम्ही तीन आठवडे मोकळी गिरणी फिरवलीत.”

ते पुन्हा दगड तपासू लागले. चौथ्या मिनिटाला राग सुरू झाला. मुक्ताबाई ‘अंगाई’ म्हणत असाव्यात, पण सूर भांडणाचा येत होता. मी स्कोपचा पट्टा हाताला गच्च गुंडाळून उभी राहिले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब लहर ती, पाच मिनिटांची, आणि ती साठवायला बटण नव्हतं. बारा एक्कावन्न. मोजलं. शून्य. क्लिपा काढल्या, डबा बंद केला, झाकणाचे चारही स्क्रू लावले. चारही. मग धावले. पेरूखाली चप्पल राहिली.

ओवीने मला बघितलं, एकदा हुंदका देऊन माझ्या खांद्यावर डोकं आपटलं, आणि मग दूध शोधायला लागली. मुक्ताबाईंनी कडी लावली, सोनबाकाकांना बाहेरच ठेवलं. मी ड्राइव्हखाली, सोफ्यावर बसून तिला घेतलं.

“चुकलं माझं,” मुक्ताबाई म्हणाल्या. “मला वाटलं झोपंल. क्लिपांचं काय मला कळलं न्हाई.”

“असू दे, मावशी. पण ऐका. मोटरी काकांनी नाही जाळल्या. या लांब केबलने जाळल्या.” आणि मी पाट आणि फळी पुन्हा सांगितली. त्यांना काकांपेक्षा लवकर कळली.

“मग काय करायचं?”

“पेटी गिरणीत न्यायची. धूळबंद कपाटात बसवून देऊ, पीठ आत जाणार नाही.”

“न्हाई.”

“नाहीतर चौथी मोटर जळणार. रिपोर्टमध्ये तसं लिहावं लागेल.”

“लिव्ह. पेटी घरातनं हलायची न्हाई.”

साडेतीन तास राहिले होते पाचला. कारण सापडलं होतं, पण ‘ग्राहकाने नकार दिला’ असा रिपोर्ट सर कसा वाचणार ते मला माहीत होतं. ऋषीने तरी ओके लिहिलं होतं. ओवीचे डोळे मिटत होते. मी हळूच म्हणाले, “मावशी, पेटी तिकडे गेली तरी तिचा आकड्यांचा तुकडा वेगळा काढता येतो. बारीक वायर ओढून तो इथेच, याच जागी लावता येतो.”

“मला काय करायचेत आकडे?” त्या ताडकन म्हणाल्या.

“सहज सांगितलं.”

त्यांनी ओवीचं टोपरं सारखं केलं. टीव्हीवरची नसलेली धूळ पुसली. मग कडीकडे एकदा बघून आवाज खाली आणला.

“...अँपिअर पन दिसतंय का त्याच्यात?”

“दिसतं.”

“तर मग न्या तिकडं पेटी. मी काय अडानी हाय का, मोटर जाळायला?” आणि कडी काढून ओरडल्या, “अवो! पेटी गिरणीत जाणार हाय!”

दारात सोनबाकाकांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी आत येऊन विचारलं, “आन् हितं भिंतीवर काय?” मुक्ताबाईंनी सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी शब्द पाळला होता, अगदी शब्दशः, आणि ते त्यांनाही कळत होतं, मलाही. 

सही मुक्ताबाईंनी केली, साक्षीदार सोनबा.

ओवीला मांडीवर ठेवून मी एका हाताने रिपोर्ट टाइप केला. ‘मोजमापाचं ठिकाण’ या रकान्यात ऋषीने दोन्ही वेळा ‘साइट’ लिहिलं होतं. मी ‘मोटर टर्मिनल’ लिहिलं. चार वाजून बावन्न मिनिटांनी पाठवला, आणि तीन मिनिटांत सरांचा फोन.

“अकराशे साठ? प्रोब शंभर पटीवर लावलेला होता ना स्कोपमध्ये? का दहा पटीवर? तिथे चुकलं की आकडा चुकतो.”

“शंभर पटीवर. फोटोत कोपऱ्यात दिसतंय, सर.”

पलीकडे फोटो मोठा करून बघितला जात होता. “हं. ऋषीला हे का नाही दिसलं?”

“तो हॉलमध्ये मोजून गेला. चहा हॉलमध्ये मिळतो.”

तेवढ्यात ओवी जागी होऊन फोनच्या दिशेने काहीतरी लांबलचक बोलली.

“हे कोण?”

मी खोटं बोलायचा विचार केला आणि कंटाळा आला. “माझी मुलगी. पाळणाघराने आज घेतलं नाही. मोजताना ती घरात होती, मी गिरणीत.”

“रिपोर्टात लिहिलंय, वीज गेल्यावर पाच मिनिटं थांबून क्लिपा काढल्या. तेव्हा ती कुठे होती?”

“इकडे. रडत होती.”

“ऐकू येत होतं?”

“हो.”

सरांना दोन मुलं आहेत असं ऐकलंय. ती कधी रडली असतील तर सर साइटवर असणार.

“सोमवारी वाघोलीला जायचंय,” ते म्हणाले. “कॉलेजच्या पाण्याचा पंप. तिथेही केबल लांब आहे म्हणतात. स्कोप चार्ज करून घेऊन जा. ऋषीला मी सांगतो.” आणि ‘शाबास’ वगैरे काही न म्हणता फोन ठेवला.

वीज तोवर परत आली होती, आणि स्कोपची बॅटरी खरंच तळाला गेली होती. मी मुक्ताबाईंना विचारलं, चार्जरला प्लग कुठे मिळेल.

त्यांनी भिंतीकडे बघितलं. “टीव्हीचा काढ,” त्या म्हणाल्या. “पन सहाच्या आत परत लाव. माझी मालिका असती.”